मदत हवी आहे: कोकणात पोरांसाठी बाग, पायऱ्या नसलेली

रानजाई
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. पुढच्या शनिवारी सासरी जातोय, पाच दिवस. नणंद पण येणार, म्हणजे घरात तीन पोरं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती एकमेकांच्या जिवावर उठतात हा दरवर्षीचा अनुभव. संध्याकाळी सगळ्यांना घेऊन बागेत जायचंय, झोपाळे-घसरगुंडी असलेली, पायऱ्या नकोत. गूगलवर बघितलं तर फोटो सगळे सूर्यास्ताचे, बागेचा एकही धड नाही. लवकर सांगा प्लीज.

वेंगुर्ल्याचो
आधी खंय जावचा हा ता सांगा. पालघरपासून बांद्यापर्यंत सगळा कोकणच. "सासर" ह्या काय गावाचा नाव न्हय.

रानजाई
अरे हो! रत्नागिरी. शहरातच, मारुती मंदिराजवळ.

नारळीपाक
मग बाग कशाला हवी? दारात समुद्र असताना सिमेंटच्या कंपाउंडात पोरं कोंडायची ही शहरी सवय. सरळ भाट्याला न्या, सुरूची सावली आहे, वाळू आहे, पोरं दोन तास हलत नाहीत. आम्ही लहान असताना घसरगुंडी बघितली पण नव्हती.

आठवा_मैल
भाट्ये ठीक, पण पाण्यात सोडू नका. मे संपत आला की समुद्राचं काही खरं नसतं. आणि कोणी गणपतीपुळं सुचवायच्या आत सांगतो, तिथे तर गुडघ्याच्या वर अजिबात नको, लाट परत जाताना पायाखालची वाळूच घेऊन जाते. दरवर्षी बातमी वाचतो आपण.

नारळीपाक
पाण्यात सोडा असं कोण म्हणालं? वाळू म्हणालो मी, वाळू.

जुनं_कौल
थिबा पॉइंटला जा ताई. वरून भाट्याचा पूल, खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ते सगळं एका नजरेत दिसतं. जवळच राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये कैद केलं आणि इकडे आणून ठेवलं, राजवाडा व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये बिचारा इथेच वारला. आत संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं.

आठवा_मैल
काका, बाई घसरगुंडी विचारतायत.

जुनं_कौल
मुलांना इतिहास कळायला नको का?

कुणीतरी७१
तिकिटाचं टेन्शन घेऊ नका, तत्काळ असतं ना. आदल्या दिवशी सकाळी १० ला एसीचं सुरू होतं, स्लीपरचं ११ ला. पाच मिनिटं आधीच लॉगिन करून बसा, प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवा. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा.

रानजाई
आम्ही गाडीने येतोय हो. आणि तिकिटाचं मी विचारलंच नाहीये.

चिंचगुळ
पोरांची वयं काय? पायऱ्या नकोत म्हणजे बाबागाडी आहे का बरोबर?

रानजाई
४, ६ आणि ९. नऊचा नणंदेचा मुलगा, तो वॉकर घेऊन चालतो. म्हणून तर पायऱ्या नकोत.

आठवा_मैल
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

रानजाई
धाग्याच्या नावात लिहिलंय की! आमच्या घरात बाहेर पडायचं म्हटलं की सगळे आधी पायऱ्याच बघतात, वेगळं काय सांगायचं असतं ते लक्षातच येत नाही. चिडचिड झाली त्याबद्दल सॉरी, पण गेल्या वर्षी एका बागेत जाऊन दारातूनच परत आलो. दोघं आत पळाले आणि तो बाहेर कठड्यावर बसून त्यांच्या चपला सांभाळत होता.

नारळीपाक
ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर वॉकरची चाकं चालतात, स्वतः बघितलंय. फक्त वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे जाते, ती बघून निघा.

चिंचगुळ
आणि रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंतच्या भुसभुशीत वाळूत काय करायचं? उचलून? नऊ वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर उचललेलं आवडत नाही हो. बाकी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सार्वजनिक जागी त्यांना जाता येईल अशी सोय करायलाच हवी. लेखी तक्रार करा, पोच घ्या.

आठवा_मैल
पोच येईपर्यंत ताईंचे पाच दिवस संपतील.

चिंचगुळ
म्हणून कोणीच करायची नाही का तक्रार?

कुणीतरी७१
गाडीने येताय तर आंबे बघून घ्या, पेटीत वरच्या थराला मोठी फळं लावतात, खालचा थर उघडून दाखवा म्हणायचं.

जांभ्याची_भिंत
मी तिकडेच राहतो. आमच्या घरामागे एक छोटी बाग आहे, फार कोणाला माहीत नाही. धागा वाचून आत्ता जाऊन आलो. पायऱ्या नाहीत, पण गुरं शिरू नयेत म्हणून पुढे ते लोखंडी फिरतं गेट आहे, त्यातून वॉकर जाणार नाही. बाजूला झाडलोट करणाऱ्यांचं दार आहे, त्याला कुलूप. मुलाच्या शाळेच्या पट्टीने मोजलं, दार २९ इंच भरतं. चावी समोरच्या टपरीवाल्याकडे असते. घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला, त्यामुळे साडेपाचपर्यंत हात लावून बघितल्याशिवाय कोणाला बसवू नका. झोपाळे तीन, एकाची साखळी खाऱ्या हवेने खाल्लीय, गेटकडून पहिला, तो सोडा. आणि लाल माती आहे, पांढरं काही घालून आणू नका.

रानजाई
देव भलं करो तुमचं! वॉकर २५ इंच. म्हणजे जाईल. रविवारी येऊ?

जांभ्याची_भिंत
रविवारी टपरी बंद. सोमवारी या, मी चावी घेऊन ठेवतो. व्यक्तिगत निरोप पाठवा.

जुनं_कौल
सोमवारी संग्रहालय बंद असतं, आधीच सांगितलंय.

रानजाई
नणंदेला आत्ता फोन केला. भाचा मागून विचारतोय, झोपाळ्याला टेकायला पाठ आहे का.

जांभ्याची_भिंत
पाठ नाही. पण शेवटचा झोपाळा टायरचा आहे, आडवा टांगलेला. आत बसून दोन्हीकडच्या साखळ्या धरता येतात. माझी धाकटी त्यात झोपलीय एकदा.