कामेच्छा वाढवणाऱ्या आहाराबाबत मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय 44 असून गेल्या काही काळापासून कामेच्छा बरीच कमी झाली आहे. रक्तदाब आणि थायरॉईड या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत, हे आधीच नमूद करते. घरातील ज्येष्ठ मंडळी उडदाचे लाडू, केशर घातलेले दूध आणि शेवग्याच्या शेंगा सुचवतात, तर कोकणातील नातेवाईक कालवांचा (ऑयस्टर या शिंपल्यांचा) आग्रह धरतात. कालवांत जस्त भरपूर असते आणि शरीरात जस्ताची कमतरता असेल तर टेस्टोस्टेरॉन हे कामेच्छेशी निगडित संप्रेरक घटू शकते, एवढे मला पटते. परंतु ज्याच्या शरीरात ती कमतरताच नाही, त्याला कालवे खाऊन काही लाभ होतो का?

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याची चिकित्सा, हे एक अंग आहे, त्यामुळे हा विषय मी थट्टेवारी नेत नाही. मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1989 मध्ये विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक औषधांचा दावा अमान्य केला होता, आणि ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत चक्क सिल्डेनाफिल (व्हायग्रातील औषध) मिसळलेले सापडले आहे, हे वाचून मी अशा चूर्णांपासून दूरच राहिले आहे.

अश्वगंधेमुळे थायरॉईडच्या संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते, म्हणून तिच्याविषयी विशेष शंका आहे. आहार बदलण्याआधी कोणत्या रक्ततपासण्या कराव्यात, रक्तदाबाच्या गोळीमुळे इच्छा कमी होत असेल तर ती बदलून मिळते का, आणि यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे की अंतःस्रावतज्ज्ञांकडे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.