वाटेत अनोळखी माणूस भेटला तर बोलायचं की नाही? (गुहागर)

नवा_गुहागरकर: नमस्कार मंडळी, पुण्याहून बदली होऊन गुहागरला आलोय. सकाळी सायकल आणि संध्याकाळी पाखाडीने (इथली अरुंद दगडी वाट) समुद्रावर चालत. इथे समोरून येणारा जो तो विचारतो, 'काय, कुठे निघालात?' आणि मी थांबून सगळा बेत सांगायला लागतो तोवर तो माणूस पुढे गेलेला असतो 😅 नुसता गेलो तर शिष्ट वाटेन का? अजून एक, मागून घंटी मारली की म्हातारी माणसं दचकून नेमकी मधेच येतात, काय करावं?

जांभा_दगड: उत्तर कोणाला पायजे ओ, 'हा, जरा इथपर्यंत' म्हणायचं नि सुटायचं. घंटी लांबूनच एकदा मारा, मग स्पीड कमी करा आणि जवळ आलात की तोंडाने सांगा, 'आजी, उजवीकडून जातोय हां'. पाठीला चिकटून ट्रिंग ट्रिंग केलंत तर कोणीपण उडेल.
आणि पाखाडीत सायकलवरून उतरायचं, तिथे चर्चा नाही. दोन्हीकडे गडगे म्हणजे दगडी बांध, माणूस जेमतेम मावतो. समोरून कोणी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली तर तुम्ही मागे जायचं, कारण गवत डोळ्यांवर आलेलं असतं, तिला पायाखालचं धड दिसत नाही नि त्या जागेत वळताही येत नाही, त्यात पावसात जांभ्यावर शेवाळ, एकदा थांबली की ओझ्यासकट परत पाय उचलणं किती जड जातं ते तिलाच विचारा. रुंद जागा बघून गडग्याला टेकून उभे राहा. नमस्कार वगैरे नंतर.

भाट्याची_वारी: पटलं, पण बायकांच्या बाजूने पण बघा की. मी रत्नागिरीत पहाटे भाट्याला चालते. वाडीतल्या माणसाने विचारलं तर काही नाही, पण सुनसान रस्त्यावर अनोळखी सायकलवाला वेग कमी करून 'रोज येता का?' विचारतो ते नको वाटतं. मान हलवा आणि पुढे व्हा, बाजूने हळूहळू चालवत राहू नका. बाकी आरे-वारेच्या चढाला वीकेंडचे ग्रुप बघा, तिघं तिघं शेजारी शेजारी आणि स्पीकर फुल्ल. हात हलवून गुड मॉर्निंग करतात हो, सरकत मात्र नाहीत. असलं गुड मॉर्निंग काय करायचंय!

मालवणी_खाजा: आमच्या हंय 'खंय चललास' इचारल्याशिवाय कोण रवना नाय 😄 पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तेव्हा गप जायचं. दोर पाण्यातून वर किनाऱ्यापर्यंत ताणलेला असतो, लोक पाय रोवून ओढत असतात, त्यात कोणीतरी सायकल उचलून दोरावरून पलीकडे टाकायला बघतो आणि वर 'काका कुठला मासा?' दोराच्या वरच्या टोकाला, ओढणाऱ्यांच्या पाठीमागून वळसा मारा, दोन मिनिटं जातील फारतर. मासा वर आला की विचारा काय ते, तेव्हा बोलतात भरपूर.

नवा_गुहागरकर: भारी माहिती. आता शेवटचं, वाडीतल्या कुत्र्यांशी कसं वागायचं? ते काही विचारत नाहीत, डायरेक्ट पोटरीला.

जांभा_दगड: पळवू नका सायकल. उतरा, सायकल मधे धरा आणि चालत राहा. नाहीच ऐकलं तर वाडीतल्या कोणाला तरी हाक मारा, मालकाची एक शिवी पुरते.