ठाणे सोडून उरण किंवा अलिबागला समुद्राकाठी राहायला जावं का?

कासारवडवलीकर

घोडबंदर रोडचा फ्लॅट भाड्याने देऊन समुद्राजवळ जायचा विचार आहे. घरात आम्ही दोघं नोकरीवाले, आठवीतली मुलगी आणि बहात्तर वर्षांची आई, तिला दमा. ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातून दोन दिवस. बाकी काम घरून. पर्याय तीन: द्रोणागिरी नोडमध्ये (उरणजवळ सिडको या सरकारी नगरविकास कंपनीने वसवलेला भाग) तयार फ्लॅट, उरणच्या केगाव-नागाव भागात बैठं घर, किंवा अलिबागजवळ वरसोली-थळ. हवा छान असते हे माहीत आहे. पाणी, वीज, गंज, कागदपत्रं आणि पावसाळ्यातलं येणं-जाणं याबद्दल जाणकारांनी सांगावं.

भरती_ओहोटी

सुरुवात ऐरोलीपासून करा, एक पर्याय तिथेच गळतो. अटल सेतू झाला म्हणून उरण जवळ आलं, हे शिवडीला उतरणाऱ्यासाठी खरं. ऐरोलीवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. तुमच्या कामाची आहे ती लोकल. जानेवारी २०२४ पासून ती उरणपर्यंत जाते. नेरुळला किंवा बेलापूरला उतरून ठाण्याची ट्रान्स-हार्बर गाडी पकडायची, ऐरोली त्याच मार्गावर. बदल एकच, पण उरण मार्गावर गाड्या विरळ. त्यामुळे हिशेब प्रवासाच्या वेळेचा करू नका, गाडी चुकली तर किती थांबावं लागतं त्याचा करा. रस्त्याने जायचं तर बंदराच्या कंटेनर ट्रेलरांमधून वाट काढावी लागते.

अलिबागहून आठवड्यातून दोनदा ऐरोली म्हणजे वडखळ, पेण, पनवेल, आणि तेच परत. मांडव्याच्या लाँच गेटवेला जातात आणि पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारी बोट) पावसाळ्यातही चालते, पण हवामान बिघडलं की फेरी रद्द. शिवाय बोटीने गेलात तरी उतरणार मुंबईत, तिथून उलटं ऐरोलीला यायचं. दोन्ही दिवस घरून काम करायची मुभा मिळत नसेल तर अलिबाग यादीतून काढा.

आता पाणी तुंबण्याचं. द्रोणागिरी काय, नवी मुंबईचे बरेच सखल नोड काय, भरतीच्या पातळीच्या आसपासच्या जमिनीवर भराव घालून उभे आहेत. पावसाचं पाणी आधी धारण तलावात येतं. ओहोटीला फ्लॅप गेट (एकाच बाजूला उघडणारी झडप) उघडतं आणि पाणी खाडीत जातं. भरतीला समुद्र आत शिरू नये म्हणून गेट मिटतं. म्हणजे मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की ते चार-पाच तास सगळं पाणी तलावातच मावायला हवं. तलाव गाळाने भरलेला असेल, त्यात तिवरं वाढली असतील, तर ते रस्त्यावर येतं.

तपासायची पद्धत कोळीवाड्यातलीच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. मोठं उधाण पौर्णिमा-अमावास्येच्या दिवशी आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत. जुलैत अशा दिवशी, भरतीच्या तासभर आधी, पाऊस असताना घर बघायला जा. एजंट नेतो डिसेंबरातल्या रविवारी. इमारतीचा मीटर बॉक्स किती उंचीवर आहे, लिफ्टच्या खड्ड्यात पाण्याच्या खुणा आहेत का, तेवढं बघून घ्या.

कव्हर_पन्नास_मिमी

गंजाबद्दल. ग्रिल गंजली तर बदलता येते. खरी भीती स्लॅब आणि कॉलमच्या आतल्या सळईची. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं आणि पोपडे पडतात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनारी हवेतल्या आरसीसीला किमान एम-३० ताकदीचं काँक्रीट आणि ४५ मिमी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सांगितलंय. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. साइटवर सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक दिसले तर ती इमारत घेऊ नका, बाकी लॉबी कितीही चकचकीत असो.

बैठं घर बांधून घेणार असाल तर काँक्रीट कालवायचं पाणी तपासा. आरसीसीसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड चालत नाही, आणि किनाऱ्यावरच्या बोअरला ही मर्यादा सहज ओलांडली जाते. क्युरिंगलाही तेच गोडं पाणी. न धुतलेली खाडीची रेती अजिबात नको.

जुनं घर घेताना सळईच्या रेषेत सरळ गेलेल्या भेगा आणि तपकिरी डाग शोधा, हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. नुकताच प्लास्टर-रंग झालेला असेल तर जास्त संशय घ्या. हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युतदाब मोजून गंज ओळखणारी) करून घ्या. रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर धरतात. "पॉलिमर मोर्टरने दुरुस्ती झालीय" या उत्तरावर समाधान मानू नका. नुसतं ठिगळ लावलं आणि शेजारच्या काँक्रीटमधले क्लोराइड तसेच ठेवले, तर गंज ठिगळाच्या कडेला नव्याने सुरू होतो. दोन-तीन वर्षांत दुरुस्तीभोवतीच भेगा दिसतात त्या यामुळे.

किरकोळ गोष्टी: खिडक्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) किंवा चांगल्या पावडर कोटिंगचं अ‍ॅल्युमिनियम. ग्रिल आधी वेल्ड करून मग हॉट-डिप गॅल्व्हनाइज करायची, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवायची. गॅल्व्हनाइज केल्यावर वेल्डिंग केलं की जोडावर जस्त जळतं आणि गंज तिथूनच लागतो. स्टेनलेसचे बिजागर ३०४ ग्रेडचे असतील तर चहाच्या डागासारखे ठिपके पडतात, ३१६ घ्या. एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या थेट तोंडावर लावू नका, आणि महिन्यातून एकदा वीज बंद करून कॉइल गोड्या पाण्याने धुवा.

फेरफार_आठअ

केगाव-नागावच्या बैठ्या घराच्या कागदांबद्दल लिहितो. तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

जागा शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात शेतकरी खातेदार नसलेल्याला ती घेता येत नाही. "तुमच्या नावाने नंतर करू, आत्ता नोटरी करून ठेवू" असं कोणी म्हटलं की उठून या. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही. बिनशेती आदेश मागा. सातबाऱ्यावर इतर हक्कात कूळ, बोजा, भोगवटादार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) असं काही आहे का बघा, आणि मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. बहिणींची नावं एखाद्या फेरफारात अचानक गायब झालेली दिसली तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का ते विचारा.

ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती किंवा नमुना आठ म्हणजे बांधकाम परवानगी नाही आणि मालकीही नाही. घरपट्टी बेकायदा घरालाही लागते.

सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम: २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ना-विकास पट्टा दाट वस्तीच्या भागात ५० मीटर, इतरत्र २०० मीटर. तिवरांचं क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्या कडेने आणखी ५० मीटर. मंजूर किनारा नकाशावर तुमचा सर्व्हे नंबर कुठे पडतो ते लेखी घ्या. उरणला आणखी एक गोष्ट विचारावी लागते, बाहेरच्यांच्या ती ध्यानातही येत नाही: करंजाच्या नौदल शस्त्रागाराभोवतीचा सेफ्टी झोन. केगाव, चाणजे, नागाव या पट्ट्यातल्या जमिनी त्याच्या वादात आहेत. झोनमधल्या घराला बँक कर्ज देईल का, हे टोकन देण्याआधी बँकेलाच विचारा.

द्रोणागिरीत त्या मानाने सोपं आहे. साडेबारा टक्के योजनेचा (जमीन गेलेल्यांना सिडकोने परत दिलेला) भूखंड असेल तर मूळ प्रकल्पग्रस्तापासून बिल्डरपर्यंतचा प्रत्येक करार आणि सिडकोची हस्तांतर मंजुरी बघा. भोगवटा प्रमाणपत्र हवंच. पुनर्विक्रीचा फ्लॅट असेल तर सिडकोचं हस्तांतर शुल्क कोण भरणार ते करारात लिहून घ्या.

कासारवडवलीकर

ऐरोलीच्या मुद्द्यावर अलिबाग बाद केलं. पाणी आणि आईच्या दम्याबद्दल कोणी सांगेल का? खाऱ्या हवेने दमा कमी होतो असं बरेच जण म्हणतात.

मचूळ_विहीर

खाऱ्या हवेच्या भरवशावर दम्याच्या माणसाला हलवू नका. किनाऱ्यावर धूळ कमी असेल, पण दमट हवेत घरातली बुरशी आणि गादीतले धूलिकण किडे वाढतात, आणि दम्याला तेच त्रास देतात. जून ते सप्टेंबर कपाटांच्या मागे, बाथरूमच्या छताला काळे ठिपके येतात. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, गादी कापसाची नको. दुसरं, सगळं उरण म्हणजे समुद्राची हवा नव्हे. बंदराच्या रस्त्याजवळ डिझेलचा धूर घोडबंदरपेक्षा कमी नाही. आधी छातीच्या डॉक्टरांना विचारा आणि रात्री दोनला धाप लागली तर कुठे न्यायचं ते ठरवा. मोठं हॉस्पिटल म्हणजे नेरुळ, बेलापूर किंवा वाशी. ट्रेलरांची रांग धरून रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळी गाडीने जाऊन वेळ मोजा.

पाणी: द्रोणागिरीला सिडकोचं, हेटवणे धरणाचं. उरण शहर आणि गावांना एमआयडीसीच्या रानसई धरणाचं. तिथे गाळामुळे साठा कमी, उन्हाळ्यात कपात ठरलेली. गावातलं घर विहीर-बोअरवर असेल तर नमुना मेच्या शेवटी घ्या, ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी गोड्या असतात. टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅम) ५०० पर्यंत उत्तम, २००० च्या वर पिण्याला बाद. क्लोराइड २५० पर्यंत. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं: समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटर. म्हणून पंपाने पातळी थोडी उतरली तरी खालचं खारं बरंच वर चढतं. शेजारी रिसॉर्टचा मोठा पंप असेल तर तुमची विहीर दोन-तीन उन्हाळ्यांत मचूळ होऊ शकते, आणि खोल बोअर मारून उलट लवकर.

वीज: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडच्या काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. ते टोक झालं. रोजच्यासाठी १५० एएचची एक बॅटरी दोन लॅपटॉप, राउटर, दोन पंखे, म्हणजे ३०० वॅटच्या आसपास, चार तास ओढते. इंटरनेट दोन वेगळ्या कंपन्यांचं, आणि एकाच खांबावरून आलेलं नको.

भरती_ओहोटी

घर विकू नका, घेऊही नका. द्रोणागिरीत अकरा महिन्यांचा भाडेकरार मेमध्ये सुरू करा, म्हणजे पावसाळा पूर्ण मिळतो आणि मुलीची शाळाही जूनला नव्याने लागते. मात्र नववीच्या मध्यावर पुन्हा शाळा बदलायची वेळ येणार नाही हे बघा. करार नोंदवायलाच हवा: मुद्रांक एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून. नोंदणी फी महापालिका हद्दीबाहेर ५०० रुपये. घोडबंदरच्या भाडेकरूलाही अकरा महिन्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि दोन्ही करारांत महिन्याच्या नोटिशीचं कलम ठेवा.

कासारवडवलीकर

आईच्या डॉक्टरांना विचारतोय. जुलैतल्या अमावास्येची सुट्टी टाकली, घर तेव्हाच बघणार. मीटर बॉक्सचं लक्षात आहे.