ईकोत पलंग ठोकू नका, सुटा ठेवा

मारुतीच्या ईको व्हॅनच्या सीट काढून कायमचा पलंग आणि सिंक बसवायचं, चौघांनी फिरायचं, असा बेत एकाने मांडलाय. बेत झकास आहे, पण सीटला हात लावू नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, जितकी आसनं लिहिलीत तितकी गाडीत हवीतच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच बाबतीत कडक आहे आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

त्यापेक्षा प्लायच्या सुट्या पेट्या करा. वर झोपायला घडीच्या फळ्या, खाली भांडी-कपडे. गाडीची बाहेरची रुंदीच 1475 मिमी, त्यामुळे मोठ्या माणसाला आडवं झोपता येत नाही, लांबीतच झोपावं लागतं. तेव्हा मागच्या दारापासून पुढच्या सीटपर्यंत टेप लावून मोजा आणि घरातल्या सगळ्यात उंच माणसाला खरंच आत झोपवून बघा. आत दोघांचं नीट जमेल, उरलेल्या दोघांना तंबू. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, घाट चढून आल्यावर तिथे गरम लागतं; मुलांची पथारी मागेच घाला.

फ्रिजसाठी 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण 1200 वॅट-तास. 45 वॅटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर दोन दिवस निघतात.

शेगडी मात्र बाहेरच पेटवा, पावसातसुद्धा. बंद गाडीत शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याचा वासही येत नाही.