शब्दचर्चा: ‘शोधयंत्र अनुकूलन’, ‘वापरकर्ता अनुभव’ आणि ‘पुणे मधील’

मुद्रितशोधक

बाणेरमधल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक तपासायला आलं आहे. त्यातलं पहिलंच वाक्य असं: ‘आम्ही शोधयंत्र अनुकूलन आणि वापरकर्ता अनुभव यांचा समन्वय साधून संकेतस्थळाची रचना करतो.’ ज्याला इंग्रजी येतं तो मनातल्या मनात एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे साइट गूगलवर सापडावी म्हणून करायचं काम) आणि यूएक्स (यूजर एक्सपिरियन्स, म्हणजे ती वापरणाऱ्याला कशी वाटते ते) असं उलटं भाषांतर करून पुढे जाईल. ज्याला येत नाही तो पत्रक खाली ठेवेल. बोलताना आपण सगळे एसईओ, यूएक्सच म्हणतो, त्याबद्दल तक्रार नाही. छापताना काय लिहावं?

दुसरा प्रश्न जास्त डोकेदुखीचा. मथळ्यांमध्ये सगळीकडे ‘पुणे मधील’ असं सुटं लिहिलं आहे. मी ‘पुण्यातील’ करतो, त्यांचा माणूस परत ‘पुणे मधील’ करतो. म्हणे गूगलला तसंच लागतं. खरंच लागतं का?

निवृत्त बाई

मी फक्त शब्दांपुरतं बोलते, गूगलचं इतरांनी सांगावं.

‘अनुकूलन’ आमच्या शाळेत जीवशास्त्रात यायचं. वाळवंटात राहणाऱ्या उंटाचं अनुकूलन, पाण्यातल्या माशाचं अनुकूलन. त्यामुळे ‘शोधयंत्र अनुकूलन’ वाचलं की कोण कोणाला अनुकूल होतंय हेच कळत नाही. यंत्र आपल्याला की आपण यंत्राला? दोन नामं विभक्तीशिवाय शेजारी ठेवली की हे असंच होतं. ऑप्टिमायझेशनला ‘इष्टतमीकरण’ हा पर्याय गणिताच्या पुस्तकात शोभतो, माहितीपत्रकात नको. ‘शोधयंत्र’ मात्र राहू द्या, तो रुळला आहे.

‘वापरकर्ता अनुभव’ त्याहून वाईट. मराठीत अनुभव ‘येतो’, तो कोणी आखून देत नाही. ‘किती वर्षांचा अनुभव?’ हा नोकरीच्या मुलाखतीतला प्रश्न. आणि ‘मला त्यांचा चांगलाच अनुभव आहे’ असं पुण्यात कोणी म्हणालं, की पुढे तक्रारच असते! मुळातला इंग्रजी शब्दही फार जुना नाही. १९९०च्या दशकात डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन ॲपलमध्ये काम करत असताना त्यांनी तो रूढ केला. त्यांना नुसता पडदा आणि बटणं म्हणायची नव्हती, वस्तूशी माणसाचा जेवढा संबंध येतो तेवढा सगळा त्यात धरायचा होता. तो अर्थ ‘अनुभव’मध्ये येत नाही. ‘सोय’ मध्ये पुष्कळसा येतो. सोय पाहणे, सोय लावणे, सोयीचं, गैरसोय, सोयीस्कर: हे सगळं कुटुंब घरात तयार आहे.

बाणेरचा वेबवाला

बाई, ‘सोय’ उचलतो. माझं कामच हे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या धंद्यात बरीच वर्षं दोन वेगळ्या खोल्या होत्या. एका खोलीत एसईओवाले. ते पानात कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाकतात ते शब्द, कोंबायचे, पानाच्या पायथ्याशी ‘कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बिबवेवाडी, हडपसर’ अशी पेठांपासून उपनगरांपर्यंत सगळी नावं ओतायचे. दुसऱ्या खोलीत डिझायनर. त्यांना पान देखणं हवं, म्हणून मथळा चित्रात आणि मेन्यूत तीन आडव्या रेघा. एकाचं काम झालं की दुसरा ते बिघडवायचा.

आता खोल्यांमधली भिंत गूगलनेच बरीचशी पाडली आहे. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी देणारा छुपा मेटा टॅग शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी आपण बघत नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केलं, तरी अजून तो भरून देणारे आहेत आणि त्याचे पैसे लावणारेही आहेत. गावांच्या नावांची ती रांग तर गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत उदाहरण म्हणूनच दिली आहे. मोबाइलवर पान उघडताक्षणी तोंडावर आदळणारी ‘आत्ताच चौकशी करा’ची चौकट २०१७पासून क्रमवारीत नडू शकते. पानाचा वेग आधीपासून हिशेबात होता, २०२१पासून त्याची ठरावीक मापं आणि पानाचं स्थैर्यही आलं. पानावरचा सगळ्यात मोठा ऐवज, मग ते चित्र असो की मजकूर, अडीच सेकंदांच्या आत दिसावा. बटणाला बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत काहीतरी हलावं, हे माप २०२४च्या मार्चपासूनचं. आणि वाचताना पान उड्या मारू नये. तुम्ही फोन नंबरवर बोट टेकवणार इतक्यात वर चित्र उमटतं, सगळं खाली सरकतं आणि बोट जाहिरातीवर पडतं, ते. उपाय सोपा असतो: चित्राची लांबी-रुंदी आधीच लिहून ठेवायची, म्हणजे ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो.

हे मोजमाप गूगल स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसून करत नाही. क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या भेटींवरून होतं, आणि दर चारपैकी निदान तीन भेटी त्या मर्यादेत बसाव्या लागतात. म्हणजे ऑफिसच्या फायबरवर पान भराभर उघडून उपयोग नाही, सिंहगड पायथ्याशी साध्या फोनवरही उघडायला हवं. अर्थात वेग म्हणजे सर्वस्व नाही. विचारलेल्याचं उत्तरच पानावर नसेल, तर ते कितीही झटपट उघडो.

कार्यालयवाला

नमस्कार मंडळी. मी वेबसाइटवाला नाही, मंगल कार्यालय चालवतो. पण शब्दावरून आमची फजिती झाली ती सांगतो, इथे कामी येईल.

साइट करून देणाऱ्याने मथळा दिला: ‘पुणे मधील सर्वोत्तम विवाहस्थळ’. इंग्रजीतून शब्दशः आणला असणार. फोन यायला लागले. ‘मुलगी एम. कॉम. आहे, उंची पाच फूट तीन, तुमच्याकडे स्थळं कशी आहेत?’ एका काकूंनी तर पत्रिकेचा फोटोच व्हॉट्सॲपवर पाठवला. आमची बायको म्हणाली, आता मंडळच काढा.

हॉल शोधणारा माणूस ‘विवाहस्थळ’ टाकत नाही. तो ‘मंगल कार्यालय’ टाकतो, ‘हॉल’ टाकतो, नाहीतर ‘मुंजीसाठी छोटा हॉल’. बरेच जण रोमन अक्षरांतच टाकतात. नुसतं ‘कार्यालय’ लिहिलं तर सरकारी ऑफिस. आणि आत आल्यावर त्याला काय हवं असतं? एका पंगतीला किती पानं बसतात, ताटाचा दर काय, गाड्या कुठे लावायच्या, वधूपक्षाला खोल्या किती, अमुक तिथीला मोकळं आहे का. आमच्या साइटवर वर होतं ‘आमची परंपरा’, मग ‘आमचं ध्येय’, मग फुलांच्या कमानीचं फिरतं चित्र. दर होता, पण फोटोत. नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं दरपत्रक, त्याचं जेपीजी. मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावं लागायचं.

बाणेरचा वेबवाला

साहेब, याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. ‘विवाहस्थळ’ काढून ‘मंगल कार्यालय’ केलंत तर ते एसईओ झालं की यूएक्स? दोन्ही. लोक जो शब्द टाइप करतात तोच मथळ्यात आणि मेन्यूत दिसला, की सापडतंही आणि आलेल्याला आपण योग्य जागी आलोय हेही कळतं. ‘आमची परंपरा’खाली दर दडलाय हे ओळखायला त्याने मनकवडं असायला हवं.

श्रीलिपीचं दुखणं जुनं आहे. ती पुण्याचीच, आणि छपाईसाठी उत्तम. पण युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांसाठीची एकच संगणकीय संकेतपद्धत, येण्याआधीच्या फाँटांत पडद्यावर ‘पुणे’ दिसायचं, मागे साठवलेली अक्षरं भलतीच असायची. फाँट नसला की कचरा दिसायचा आणि शोधयंत्राला तर कचराच दिसायचा. आता युनिकोड आलं, तर आपण मजकुराचे फोटो टाकतो. फोटोतल्या दराचा शोधाला भरवसा नाही, आणि दृष्टिहीन माणसाचा फोन तो वाचून दाखवेल याचीही खात्री नाही. दर साध्या तक्त्यात टाइप करा, सजवलेलं दरपत्रक हवं तर खाली डाउनलोडला ठेवा. तक्ता मोबाइलवरही पूर्ण दिसू द्या. गूगल आता पानाचं मोबाइलचं रूपच वाचतो. तिथून वगळलेलं त्याच्या लेखी नाहीच.

मुद्रितशोधक

आणि ‘पुणे मधील’?

बाणेरचा वेबवाला

विसरलोच. हट्टामागे कारण आहे, अगदीच वेडेपणा नाही. इंग्रजीत गावाचं नाव बदलत नाही. आपल्याकडे विभक्ती लागली की ‘पुणे’चं ‘पुण्या’ होतं. शोधणारा ‘मंगल कार्यालय पुणे’ टाकतो, म्हणून एसईओवाल्याला अखंड ‘पुणे’ हवं असतं. पण त्यासाठी मथळ्याचं व्याकरण मोडायची गरज नाही. मथळ्यात ‘पुण्यातील मंगल कार्यालय’ लिहा आणि पत्त्यात ‘सिंहगड रस्ता, पुणे’ येतंच की. पत्ता मजकूर म्हणून लिहिलेला असला म्हणजे झालं. ब्राउझरच्या टॅबवरच्या शीर्षकात कार्यालयाचं नाव, स्वल्पविराम, पुणे. दोन्ही रूपं आली आणि वाचणाऱ्याच्या दाताखाली खडा नाही आला.

पानाच्या दुव्यात मात्र मी देवनागरी टाळतो. गूगलला चालतं, अडचण माणसाची. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं. दुवा कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा त्यातल्या प्रत्येकाची टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात, म्हणजे एका ‘पुणे’ची छत्तीस. व्हॉट्सॲपवर असा दुवा आला की लोकांना तो फसवणुकीचा वाटतो, कोणी उघडत नाही.

निवृत्त बाई

‘वापरकर्ता’ही जमलं तर काढा. कार्यालयाच्या साइटवर येतो तो यजमान, दुकानाच्या साइटवर गिऱ्हाईक, एसटीच्या साइटवर प्रवासी, पालिकेच्या साइटवर अर्जदार. नेमका शब्द असताना सगळ्यांना एकच बिल्ला कशाला? शिवाय मुलगी असेल तर ‘वापरकर्ती’ करणार आहात का?

मुद्रितशोधक

मग वाक्य असं करतो: ‘तुमची वेबसाइट गूगलवर सापडेल आणि आलेल्या माणसाची तिथे सोय होईल, अशी आम्ही ती बनवतो. धंद्याच्या भाषेत एसईओ आणि यूएक्स.’ बाकी मजकुरात एसईओ, यूएक्स तसेच ठेवतो. ‘संकेतस्थळ’ की ‘वेबसाइट’ हा वाद मुद्दाम काढत नाही.

बाणेरचा वेबवाला

चालेल. ‘बनवतो’ ऐवजी ‘करून देतो’ करा, बनवणं म्हणजे काय ते पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. 😄

कार्यालयवाला

जाता जाता माझाही एक प्रश्न. आमच्या मागे मोकळी जागा आहे, तिला लोक ‘लॉन्स’ म्हणतात. साइटवर ‘लॉन’ लिहू की ‘लॉन्स’?

निवृत्त बाई

फोनवर लोक काय म्हणतात?

कार्यालयवाला

‘तुमचं लॉन्स रिकामं आहे का?’ एकच असलं तरी लॉन्सच.

निवृत्त बाई

मग ‘लॉन्स’ लिहा. नपुंसकलिंगी, एकवचनी.