मदत हवी आहे: मेंदूत खोल रक्तस्राव, दुर्बिणीच्या ऑपरेशनचा अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. काका (वय 61) परवा पहाटे गोठ्यात कोसळले. डावा हात-पाय गेला, तोंड वाकडं. बेळगावात आणल्या आणल्या सीटी केलं: उजवीकडं बेसल गँग्लियात (मेंदूचा खोल भाग) रक्तस्राव, रक्ताची गाठ साधारण 40 मिली. बीपी 220 च्या वर होतं. गोळी डोकं दुखलं तरच घ्यायचे, काय बोलणार! आता आयसीयूत आहेत. हाक मारली की डोळे उघडतात, उजव्या हातानं बोट घट्ट धरतात.

सर्जन म्हणतात, सध्या बीपी आटोक्यात ठेवू. सूज वाढली किंवा शुद्ध हरपत चालली तर ऑपरेशन. एकतर कवटीचा तुकडा काढून, नाहीतर छोट्या भोकातून नळी आणि दुर्बीण घालून रक्त ओढून काढायचं. काकूंचं एकच, "डोकं उघडू देणार नाही." चुलतभाऊ कुठलातरी व्हिडिओ बघून बेंगळूरला हलवा म्हणून हटून बसलाय. पाचशे किलोमीटर, या अवस्थेत?

मी थोडं वाचलं. अमेरिकेतल्या 'एनरिच' चाचणीत (2024, 300 रुग्ण, गाठ 30 ते 80 मिली) 24 तासांच्या आत नळीतून गाठ काढलेले रुग्ण सहा महिन्यांनी जास्त सावरले होते. पण तो फायदा मेंदूच्या वरच्या भागातल्या, म्हणजे लोबर रक्तस्रावात. बेसल गँग्लियाचे रुग्ण घेणं त्यांनी मध्येच थांबवलं. काकांचं नेमकं तेच, आणि 24 तासही उलटून गेले.

खोल गाठीसाठी असं ऑपरेशन बेळगाव, हुबळी, मिरज, कोल्हापूर इथं कुणाच्या घरी झालंय का? पुढं माणूस चालला का? सीमाभागातल्या 865 गावांसाठी जाहीर झालेली महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना कोल्हापुरात चालवून घेतली असेल कुणी तर तेही सांगा.

निपाणीकर:
दादा, मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे. आधी विचारा, जीसीएस (शुद्ध किती आहे ते सांगणारा आकडा) काल किती, आज किती. दुसऱ्या सीटीत गाठ वाढली का? रक्त मेंदूच्या पोकळीत उतरलंय का? उतरून पाणी साठत असेल तर ते काढायला वेगळी नळी घालावी लागते, त्याला थांबता येत नाही. काका रक्त पातळ करायची गोळी घेत होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुर्बिणीनं जीव वाचायची शक्यता वाढू शकते. हात-पाय परत येतील याची हमी त्यात नाही. काकूंना हे सर्जनच्याच तोंडून ऐकवा. अशा खोल गाठी ते स्वतः किती काढतात, आत साधारण किती रक्त उरतं, हेही विचारा. नळीतून रक्त काढून बघितलेल्या 2019 च्या 'मिस्टी' चाचणीत एकूण फरक पडला नव्हता, पण 15 मिलीपेक्षा कमी उरलं त्यांचं बरं झालेलं दिसलं. हलवायचं म्हटलं तर डॉक्टर आणि व्हेंटिलेटर असलेल्या गाडीशिवाय नको. योजनेचं आरोग्यमित्राकडं (दवाखान्यातला योजनेचा माणूस) कागद दाखवून आधी पक्कं करा.

धागाकर्ता:
ताई, आभार. काका हृदयासाठी ॲस्पिरिन घ्यायचे, हे आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं. आत्ताच सिस्टरना सांगून आलो. संध्याकाळी सर्जन भेटणार आहेत, काकूंनाही आत घेऊन जातो. ऑपरेशन झालेल्यांपैकी कुणी असेल तर लिहा.