ठाणे की आग्रीपाडा? शब्बाथ पाळणाऱ्या आई-वडिलांसाठी घर हवे आहे

नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आहोत. आई-वडील आजवर अलिबाग तालुक्यातल्या गावी राहिले. परंतु आळीतली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेल्यामुळे मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेसाठी, लागणारे तेरा वर्षांवरील दहा पुरुष तिथे जमेनासे झाले आहेत. म्हणून दोघांना शहरात आणायचे ठरले आहे.

सिनेगॉगांची, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांची, मुंबईत वाण नाही. मांडवीचे शाआर हारहमीम १७९६ सालचे, भायखळ्याचे मागेन डेव्हिड १८६४ साली डेव्हिड ससून यांनी बगदादी ज्यूंसाठी बांधलेले, आग्रीपाड्याचे मागेन हसीदिम १९३१ चे. तथापि इमारतीची भव्यता पाहून वडिलांची सोय होत नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, ते वाहनात बसत नाहीत, त्यामुळे घर आणि सिनेगॉग यांमधले अंतर त्यांच्या गुडघ्यांना झेपेल एवढेच असायला हवे. त्या दृष्टीने ठाण्याचे १८७९ सालचे शाआर हाशामाईम मला अधिक योग्य वाटते, कारण आपली वस्ती आज त्या शहरात बऱ्यापैकी टिकून आहे.

खरी अडचण इमारतींची आहे. शब्बाथला विजेचे बटण दाबायचे नाही, म्हणजे लिफ्ट नाही. जुन्या चाळींत पहिला मजला सहज मिळत असे. पुनर्विकासानंतर खालचे चार-पाच मजले वाहनतळाला जातात आणि राहती घरे त्यांच्या वर सुरू होतात. एका संकुलात तर जिन्याचे दारही इलेक्ट्रॉनिक कार्डानेच उघडत होते आणि साधी किल्ली देण्यास व्यवस्थापकांनी नकार दिला. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला ही समाधानाची गोष्ट आहे, पण त्याने हे दार काही उघडत नाही!

ठाण्यात राहणाऱ्या समाजबांधवांना माझी विनंती आहे की टेंभी नाका परिसरात, सिनेगॉगपासून चालत दहा मिनिटांच्या आत, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर भाड्याने घर मिळेल अशा जुन्या इमारती कोणत्या, हे कृपया कळवावे. सणांना सिनेगॉग भरते हे मला ठाऊक आहे. मात्र भर पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या शनिवारी सकाळी मिन्यान वेळेवर पूर्ण होतो का? हझानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, कापलेले कोशेर (ज्यू धर्मनियमांप्रमाणेचे) मटण घरपोच येते की तिथे जाऊन आणावे लागते? आईला मलिद्याला, म्हणजे आपल्या आभाराच्या विधीला, बोलावणारा शेजार लाभावा, अशीही इच्छा आहे.

आग्रीपाड्यात राहणाऱ्यांनीही अवश्य लिहावे. तिथे मिन्यान नियमित होत असेल आणि खालच्या मजल्यावरचे घर मिळत असेल, तर ठाण्याचा आग्रह सोडण्यास आमची काहीच हरकत नाही. पावसाळ्यापूर्वी घर बदलण्याचा विचार आहे.